एका सेंटाचा फरक

"मावशी, चष्मा पुसा आधी! कुनांच्या जागी सार्डिन दिसायच्या," लुत्सिया म्हणाली.

"तुझ्या यंत्राचं बघ गं बाई. त्याला तर चष्माही नाही," विन्कामावशीनं मान वर न करता सुनावलं.

स्प्लिटच्या त्या मासळी कारखान्यात परीक्षेचा आज दहावा, शेवटचा दिवस. नव्या वर्षी देशातलं कुना हे चलन जाऊन युरो येणार होता. लुत्सियानं लिहिलेला प्रोग्राम सगळे अहवाल युरोत फिरवायचा, आणि बत्तीस वर्षं तिथं मुरलेली विन्कामावशी तेच काम पेन्सिलीनं कागदावर करायची. श्पिरोसाहेबांची अट सरळ होती. दहाही दिवस दोघींचा आकडा सेंटापर्यंत जुळला, तर लुत्सिया कायम. नाहीतर पोरीनं भावामागोमाग डब्लिन गाठायचं. एकमेकींचं बघायचं नाही, हेही ठरलेलं.

नऊ दिवस जुळलं. काय बाई होती ती! सात दशांश पाच तीन चार पाचनं भागायचं, असला आडमुठा भागाकार. पण लुत्सिया बटण दाबेपर्यंत हिचं उत्तर तयार. आणि पोरगीही काही कमी नव्हती. मावशी तिच्यामागे साऱ्या कारखान्यात तिचे गोडवे गायची.

अकरा वाजता मावशी खायला उठली.

"खाली आज माकुळाच्या शाईतला काळा भात आहे. उरला तर ठेवते तुला."

जाताना लुत्सियाच्या खुर्चीमागे अंमळ थांबली. "गुणाची पोर," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

लुत्सियाची नजर मावशीच्या कागदाकडे गेली. बघायचं नव्हतं, पण बघितलं. शेवटी अठ्ठेचाळीस सेंट. हिच्या संगणकाच्या पडद्यावर सत्तेचाळीस.

आज पूर्ण महिन्याचा अहवाल होता, एक्केचाळीस बोटींचा. तिचा प्रोग्राम सगळी बेरीज करून शेवटी एकदाच आकडा जवळच्या सेंटापर्यंत पुरा करायचा. मावशीनं प्रत्येक बोटीला केला असणार. बरोबर कोण? छे, हा काय प्रश्न झाला! मावशी आणि चुकेल? लुत्सियानं प्रोग्राममधली एक ओळ बदलली. अठ्ठेचाळीस आले. तिचा जीव भांड्यात पडला. मावशी परतल्यावर तिनं पडदा बंद केला आणि खाली जाऊन पोटभर काळा भात खाल्ला.

दोन वाजता श्पिरोसाहेब आले. त्यांनी आधी पडदा सुरू करायला सांगितला.

"अठ्ठेचाळीस."

मग कागद उचलला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सत्तेचाळीस."

लुत्सिया गर्रकन वळली. मावशी तिच्याकडेच डोळे फाडून बघत होती.

"अगं, सकाळी तर तुझ्याकडे सत्तेचाळीस होते!" मावशी पुटपुटली. "म्हटलं, ही पोर काही चुकायची नाही. म्हणून मी माझाच आकडा खोडला."