दुसरी कांडी

महादूकाकांनी हात वर केला. “तीच मांडणी तिसऱ्यांदा आली हाय. बरोबरी दे.” बुद्धिबळ स्पर्धेचा पंच म्हणून मी डावाच्या चाली नोंदवायचा कागद पाहिला. कोरा! समोरचा खेळाडू म्हणाला, “मला नाही आठवत.” त्याच्या हाताशी लूमच्या, सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या कांड्या पडून होत्या, काकांनीच सुरुवातीला ठेवलेल्या. मी ओळखल्या. कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत काका आणि माझे वडील बुद्धिबळ खेळायचे. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, चाली लिहायचं कुणाला ठाऊक नव्हतं. मांडणी पुन्हा आली की समोरच्यानं एक कांडी पटाशेजारी ठेवायची. तिसऱ्यांदा आली की दुसरी, आणि डाव बरोबरीत. “काका, नोंदीशिवाय बरोबरी देता येत नाही.” “बरोबर हाय तुझं.” त्यांनी कांड्या खिशात टाकल्या. “समोर तुझा बापूस असता, तर मला हात वर करावा लागला नसता.”