नाजूक पेशी

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला एकेक डिश मिळाली होती. तिच्यातल्या पेशी सत्र संपेपर्यंत जगवायच्या होत्या. माझ्या तिसऱ्यांदा मेल्या.

"टिल्डे, अगं तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं त्यांना," आमच्या विबेकेबाई करवादल्या. "ऊब कमी पडली, खायला द्यायला उशीर झाला, की टाकलीच मान!"

आणि मी जपलं नव्हतं का? रविवारीसुद्धा वाऱ्यापावसात सायकल मारत जाऊन त्यांना भरवून आले होते.

घरी आले आणि स्वयंपाकघरात भोकाड पसरलं. आई घरातही लोकरीची टोपी घालून बसली होती. पुढ्यातला राय धान्याचा पाव तसाच होता.

"नापास होणार मी. एवढं करूनही मेल्या गं!"

"कसल्या पेशी होत्या?"

मी नाक पुसत बसले.

"अगं, सांग की."

"कॅन्सरच्या."

आई टोपी कानांवर ओढून घेत खुदकन हसली.

 

"मग माझ्यातल्या ने की, बाई. काही केल्या मरत नाहीत."