डाव्या कोपऱ्यातला पास

चेंडू पुन्हा डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं कुणीच नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या नाचोजमध्ये तो आदळला आणि वितळलेलं चीज तिच्या कोटभर उडालं.

"अरे राजा, तिकडं कोण उभंय, तुझा काका?" वरून कुणीतरी ओरडलं. सगळं स्टेडियम हसलं.

आम्ही टोलेडोची माणसं हरणं सोसतो, फसवणूक नाही. आणि कीनन व्हिटलो ही आमची शुद्ध फसवणूक होती. ड्राफ्टमधली, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू उचलतात त्यातली, सहावी निवड. आमचा बास्केटबॉलचा संघ दहा वर्षं तळाला सडल्यावर अखेर चेंडू खेळवणारा पॉइंट गार्ड मिळाला, म्हणून आम्ही येड्यासारखे रस्त्यावर नाचलो होतो. दीड वर्षात त्यानं त्या आनंदाची पार माती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्डॉकनं त्याला बोलावलं. कॉलेजा-कॉलेजांतून खेळाडू हेरायचे, हे मर्डॉकचं तीस वर्षांचं काम. कीननलाही त्यानंच हेरला होता. आता टेबलावर कीननला संघातून मोकळा करायचा कागद पडला होता. मालकाची सही झाली होती, मर्डॉकची राहिली होती.

"बस पोरा. या मोसमात तू एकशेबारा चेंडू घालवलेस. त्यातले चौसष्ट त्या एका कोपऱ्यात. कुणाला देतोस ते?"

कीनन म्हणाला, "टोबायसला."

कॉलेजात चार वर्षं ते दोघं एकत्र खेळले, एका खोलीत राहिले. ड्राफ्टमध्ये टोबायसला कुणीच घेतलं नाही. तो मिसिसिपीला घरी परतला, लाकडाचा ट्रक चालवायला लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात ट्रकसकट नदीत गेला.

"त्याचे बूट ऐकू येतात मला," कीनन म्हणाला. "डावीकडून. फरशीवर करकरत येतात, आणि माझा हात आपोआप चेंडू सोडतो. भीती वाटते, साहेब. पण हात अजून तोच आहे माझा. त्याच्यासारखा पळणारा एक माणूस द्या, एकच, आणि मग बघा."

मर्डॉकनं कॉलेजातल्या सामन्यांची फिल्म लावली आणि वेग अगदी कमी केला.

टोबायस गेल्यापासून कीननने ती पाहिली नव्हती. पडद्यावर मित्र दिसताच तो हसला. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं. पडद्यावर कीननच्या हातून चेंडू सुटला तेव्हा टोबायस भलतीकडंच होता. त्यानं मान वळवली, पाऊल वळवलं, जमिनीपासून वीतभर उंचीवर चेंडू उचलला आणि बास्केट केली. पुढचा पास डोक्यावरून गेला, त्याच्या पुढचा पाठीमागं. प्रत्येक वेळी टोबायस जिवाच्या आकांतानं चेंडू गाठत होता आणि बास्केट झाली की कीननकडं बोट करत होता. पास देणाऱ्याला असं श्रेय देण्याची आमच्या खेळात रीतच आहे. लोक ते बोट बघून कीननसाठी टाळ्या पिटत होते.

"एकही पास सरळ नव्हता," कीनन म्हणाला. त्याला रडू आवरेना. "आणि हा रोज खोलीवर आला की म्हणायचा, थेट हातात आला बघ."

त्यानं टेबलावरचा कागद मर्डॉकपुढं सरकवला. "करा सही. पण मला सांगा, तुम्हाला हे तेव्हा दिसलं नाही?"

"शंका आली होती," मर्डॉक म्हणाला. "मी त्यालाच न्यायला आलो होतो. जिमच्या दारात गाठून सांगितलं, बाबा, सहाव्या नंबरावर तुझं नाव लिहिलंय. तर म्हणाला, 'माझं काय घेऊन बसलात? मी नुसता पळतो. खेळ सगळा कीननचा आहे.' आणि मी ते खरं मानलं."

मर्डॉकनं चष्मा काढून डोळे पुसले.

"तिथंच, त्याच्यासमोर, त्याचं नाव खोडून तुझं लिहायला गेलो. माझं पेन चालेना, तर त्यानं स्वतःचं काढून दिलं."