लॉर्नानं मागितलेलं पान

एके काळी त्याच्या युवा मंडळात असलेल्या लॉर्नाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. बायकोला, हेस्टरला, निरोप द्यायला चर्चमध्ये निघताना ऑरिननं ते पत्र कपाटातून काढलं आणि कोटाच्या खिशात घातलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कॅन्ससमधल्या त्या गव्हाच्या गावातलं, स्वीडनबोर्ग या जुन्या द्रष्ट्याला मानणाऱ्या पंथाचं चर्च आता जेमतेम चौदा माणसांचं उरलं होतं. पण त्या चौदाजणांच्या लेखी कुणी मरत नसे. माणूस तिसऱ्या दिवशी पलीकडे जागा होतो आणि म्हातारा असेल तर हळूहळू पुन्हा तरुण होतो. म्हणून काळे कपडे नाहीत, सुतकी चेहरे नाहीत. ऑरिननं पिवळा शर्ट घातला होता.

"आज तिसरा दिवस, ऑरिन!" ब्यूलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ती हेस्टरची शाळेपासूनची मैत्रीण. "उठली असेल बघ आपली हेस्टर. गुडघेबिडघे सगळे नवे कोरे. आणि तू काय असा एरंडेल प्यायल्यासारखा?"

"ती विशीची होईल आणि मी एक्क्याऐंशीचा," ऑरिन पुटपुटला. "ओळखेल का मला?"

"तेव्हा तरी कुठं ओळखलं होतं! दोनदा तुझ्या भावाबरोबर नाचून आली, तूच समजून."

आसपासचे हसले. ऑरिनही हसला. हसणं जमत होतं.

उपासनेच्या आरंभी वेदीवरचं पवित्र वचनाचं पुस्तक उघडायचं आणि शेवटी ते मिटायचं, हा मान युवा मंडळाचा. ते मंडळ ऑरिननं चाळीस वर्षं चालवलं. एके काळी तळघरातल्या खोलीत मुलं मावत नसत. आता एकटी थिआ उरली होती, ब्यूलाची पंधरा वर्षांची नात. तिनं पुस्तक उघडलं. गाणी झाली, प्रार्थना झाली. पुस्तक मिटायला ती पुन्हा वर गेली, पानांवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"मला नाही मिटवत," ती रुमालात तोंड खुपसून म्हणाली. "हेस्टरआजींनीच शिकवलं होतं मला, कसं उघडायचं ते."

"अगं वेडे, आजच्या दिवशी रडतात का?" ब्यूला जागेवरूनच म्हणाली. "ऑरिन, सांग रे हिला. तुझं ते सांग."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मोठ्या प्रेमानं. तो उठून वेदीपाशी गेला. रड पोरी, मलाही रडायचंय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांत गुळगुळीत झालेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"आपण रडतो ते स्वतःसाठी, थिआ. गेलेल्याच्या वाटेत त्याचा अडथळा होतो."

आणि त्याच्या हातानं, सवयीनं, तिच्या हातातला रुमाल काढून घेतला.

थिआनं मोठा श्वास घेतला. पुस्तक मिटलं. मग ती हसलीसुद्धा.

"शाब्बास!" मागून कुणीतरी म्हणालं.

अंगणात लिंबाचा केक कापला जात होता, तेव्हा ऑरिन तळघरात उतरला. मंडळाच्या जुन्या सोफ्यावर बसून त्यानं पत्र उघडलं. खरं तर ते पाठच होतं.

"ऑरिनकाका, माझा भाऊ वेस्ली गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तुम्ही माझ्या हातातून रुमाल काढून घेतलात. रडण्याचा त्याला अडथळा होतो म्हणालात. मी थांबले, ती थांबलेच. आईच्या वेळी रडू आलं नाही. मागच्या महिन्यात माझं बाळ गेलं, तेव्हाही नाही. नवरा म्हणतो, तू दगड आहेस. मला एवढंच सांगा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मला ते पान वाचायचंय."

समोरच्या फळीवर पंथाचे तीस खंड ओळीनं उभे होते. अकरा वर्षांत त्यानं ते तीनदा वाचून काढले होते. देवदूत मेलेल्याच्या उशाशी गप्प बसून राहतात, हे होतं. मागं राहिलेल्यांनी रडू नये, हे कुठंच नव्हतं. फार वर्षांपूर्वी, लॉर्नाच्याही आधी, याच खोलीत एक मुलगी रडायला लागली, तिचं काय करावं ते कळेना, तेव्हा त्यालाच ते सुचलं होतं. ती गप्प झाली. म्हणून पुढच्या वेळीही तो तेच बोलला.

त्यानं कागद घेतला.

"लॉर्ना, ते पान नाही. कधीच नव्हतं. मी घाबरून बोललो होतो. आज पुन्हा बोललो. ऑरिन."

तिकीट लावलेलं पाकीट तिच्या पत्रातच घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर तिचा पत्ताही त्यानं पत्र आलं तेव्हाच लिहिलेला. ती अजून तिथं राहते की नाही, कुणाला ठाऊक. रस्ता ओलांडून त्यानं ते टपालपेटीत टाकलं. झाकण आपटलं.

अंगणातून गाड्या निघाल्या होत्या. ब्यूलाच्या गाडीतून थिआ बाहेर वाकली. ओठांना केकची साखर, डोळे कोरडे ठणठणीत.

"येते हं, आजोबा! मी परत नाही रडले!"

तिला हात हलवायला ऑरिननं खिशातला हात बाहेर काढला. मुठीत तिचा रुमाल होता, अजून ओला.