वेग तोच

नवरा आधी रोज पाच किलोमीटर पळून यायचा. मग दहा म्हणू लागला, मग पंधरा. वेग मात्र तोच, तसूभरही कमी नाही.

शाळेतल्या मुलींना धावायला शिकवण्यात माझी उभी हयात गेली. अंतर वाढलं की भल्याभल्यांचा वेग पडतो. जिना चढताना कठडा धरणाऱ्या या साठीच्या माणसाचा पडत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. आल्या आल्या मी त्याला फैलावर घ्यायचे. कुठल्या रस्त्याने गेलास? चढावर दम लागला का? सोबत कोण होतं? चहा गार होईस्तोवर तो हौसेने उत्तरं देत बसायचा. शर्ट चिंब, पण घामाचा वास म्हणून नाही.

आज त्याच्या मागोमाग गेले. बागेतल्या बाकावर तो एकटाच बसून होता. घरी निघायच्या वेळी उठला आणि नळाखाली वाकून अंगावरचा शर्ट भिजवू लागला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ही कसली थेरं?"

नळ बंद करत तो म्हणाला, "पळून आलो म्हटलं की तू माझ्याशी बोलतेस."