पुण्याचं बोलावणं

"पुण्यात काय वेगळा कायदा शिकवतात?" आरशापुढे गळ्याला पांढरा बँड बांधता बांधता वकीलसाहेब पुटपुटले.

त्यांची बायको तालुक्याच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला पहिली आली होती. निकाल बघून पुण्याच्या नामवंत कॉलेजानं तिचा बदलीचा अर्ज मंजूर केला होता. आजच होकार कळवायचा होता.

"तिथली पोरं फाडफाड इंग्रजी बोलतात. तू टिकणार आहेस?" साहेब हसले. "शिवाय आईचे गुडघे. स्वयंपाक कोण करणार?"

सासरे पेपरात शिरले. नणंद मोबाईलमध्ये. बायकोनं साहेबांचा डबा भरला, झाकण तेवढं जोरात लावलं.

सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या.

"माझे गुडघे माझं मी बघेन. त्या कॉलेजानं तुला दोनदा नाकारलं आणि हिला घेतलं, हे तुला सोसत नाहीये."