अडीच तासांवर भाऊ

एका लग्नात शरणप्पाची दोन्ही लेकरं मार्गी लागणार होती. चंद्रिकाला शांघायमधला नवरा मिळत होता, आणि त्याच्याच वशिल्यानं मल्लेशला त्याच्या कंपनीच्या ग्वांगझूच्या शाखेत नोकरी. एवढ्या लांब पोरगी द्यायला त्याच्या बायकोचं, ईरम्माचं मन मात्र धजत नव्हतं. मग शरणप्पानं मोबाईलवर नकाशा काढून तिच्यापुढं धरला.

"ग्वांगझू ते शांघाय बाराशे किलोमीटर दिसतंय खरं, पण विमानानं अडीच तास! आपण सोलापुरातनं पुण्याला पोचतो त्याच्या निम्म्यात भाऊ भैनीच्या दारात. इथं जवळ मंद्रूपला दिली असती, तर एवढा वेळ तू एष्टीची वाट बघण्यातच घालवली असतीस की."

ईरम्माला हसू आलं, आणि हसण्याच्या भरात ती हो म्हणून बसली.

सहा महिन्यांनी चंद्रिकाचा फोन आला. आवाज दबका होता.

"अव्वा, काल यांनी परत हात उचलला. ओठ फाटलाय. मला घरी यायचंय."

ईरम्मा घाईघाईनं म्हणाली, "रडू नको बाळ. मल्लेशअण्णाला फोन कर. अडीच तासात येतो बघ तो."

"आलाय की. सकाळीच आलाय. यांनीच तिकीट काढून बोलावलं."

"मग झालं तर! त्याला म्हणावं, तुला घेऊनच इकडं ये."

 

"म्हटलं अव्वा. 'तू गेलीस तर माझी नोकरी जाईल' म्हणाला, आणि माझा पासपोर्ट स्वतःच्या खिशात घातला."